नेताजींचे चारित्र्य व त्यांचा मृत्यू : एक पुनर्विचार

आपल्या चांद्रसेनीय कायस्थ प्रभु ज्ञातीच्या या वार्षिक स्मरणिकेसाठी एखादा ऐतिहासिक लेख द्यावा, अशी आज्ञा चिटणीसांकडून आली तेव्हा विषय कोणता घ्यावा याचा आम्ही बराच विचार केला. बाजी प्रभू, मुरारबाजी, बाळाजी आवजी यांच्यावर या पानांतून पुष्कळ लिहिले गेले आहे आणि आमच्याहून अधिकारी लेखकांनी लिहिले आहे. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पस्तीस वर्षे प्राथमिक शाळेत मुलांना इतिहास शिकविला, एवढीच आमची पुंजी. परंतु शिकविणाऱ्याच्या हातून चुकीचे काही शिकविले गेले असेल, तर ते हयातीत दुरुस्त करणे हा त्याचा धर्म होय. तशी एक चूक आमच्या हातून झाली. ती नेताजी सुभाषचंद्र बसू यांच्याविषयीची आहे.

आमच्या घरी ओसरीवर नेताजींची लष्करी वेषातील तसबीर होती. शेजारी लोकमान्यांची होती, गांधीजींचीही होती. त्या दोन तसबिरींना सणावारी हार पडे. नेताजींच्या तसबिरीला मात्र तीर्थरूपांनी कधी हार घालू दिला नाही. "जिवंत माणसाच्या तसबिरीला हार घालत नाहीत," असे ते म्हणत, आणि त्या स्वरापुढे कोणी बोलत नसे. तोच विश्वास घेऊन आम्ही शाळेत गेलो, आणि दर २३ जानेवारीला मुलांना सांगत आलो की नेताजी कोठेतरी साधूच्या वेषात आहेत व योग्य वेळ येताच प्रकट होतील.

१९८५ सालच्या सप्टेंबरात फैजाबाद येथे एक अज्ञात साधू वारले आणि तेच नेताजी असल्याची वदंता वृत्तपत्रांतून पसरली. पुढच्या जानेवारीत आम्ही ती हकीकत सातवीच्या वर्गात मोठ्या रंगाने सांगितली. तेव्हा मागच्या बाकावरील एक मुलगा उठला आणि म्हणाला, "गुरुजी, माझे आजोबा बासष्टच्या लढाईत होते. नेताजी तेव्हा जिवंत होते, तर ते आले का नाहीत?" आम्ही त्याला "खाली बस" म्हणालो. तो बसला, पण प्रश्न काही बसला नाही. पुढे निवृत्त झाल्यावर सवड मिळाली, तेव्हा या विषयावर जे जे वाचावयास मिळाले ते वाचले. त्या वाचनाचे सार ज्ञातिबांधवांपुढे ठेवीत आहोत.

आरंभीच एक गोष्ट सांगितली पाहिजे. बसू घराणे कायस्थ, म्हणून नेताजी 'आपले', असे आपल्या सभांतून अभिमानाने बोलले जाते. हा अभिमान आम्ही निंद्य मानीत नाही. परंतु ज्या पुरुषाने आझाद हिंद सेनेत हिंदू, मुसलमान, शीख यांना एका पंगतीस बसविले आणि 'जय हिंद' या एकाच अभिवादनाने सर्व भेद पुसण्याचा यत्न केला, त्यास ज्ञातीच्या कुंपणात आणून उभे करणे हा त्याचा गौरव नव्हे. त्याच्याशी आपले नाते जोडावयाचे असेल तर ते गुणांवरून जोडावे.

त्याग आणि स्वातंत्र्यवृत्ती

२३ जानेवारी १८९७ रोजी कटक येथे जानकीनाथ व प्रभावती या दाम्पत्याच्या पोटी सुभाषबाबूंचा जन्म झाला. चौदा भावंडांत हे नववे. १९१३ साली मॅट्रिकच्या परीक्षेत त्यांनी कलकत्ता विद्यापीठात दुसरा क्रमांक मिळविला. १९१६ मध्ये प्रेसिडेन्सी कॉलेजात ओटन या प्राध्यापकास विद्यार्थ्यांनी मारहाण केल्याच्या प्रकरणी त्यांचे नाव कॉलेजातून काढण्यात आले. पुढे स्कॉटिश चर्च कॉलेजातून ते पदवीधर झाले, विलायतेस गेले, आणि १९२० साली आय. सी. एस. परीक्षेत चौथे आले. दुसऱ्याच वर्षी, एप्रिल १९२१ मध्ये, त्यांनी त्या सनदी सेवेवर पाणी सोडले.

येथे आपल्या ज्ञातीच्या वाचकांस चिंतामणराव देशमुखांचे स्मरण झाल्यावाचून राहणार नाही. चिंतामणराव १९१८ साली त्याच परीक्षेत पहिले आले. त्यांनी ती सेवा पत्करली, रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर झाले, स्वतंत्र भारताचे अर्थमंत्री झाले, आणि मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली मंत्रिपदाचा राजीनामा देऊन मोकळे झाले. एकाने आरंभीच सोडले, दुसऱ्याने वेळ आल्यावर सोडले. सोडण्याची तयारी दोघांच्याही ठायी होती, आणि चारित्र्याची परीक्षा त्या तयारीत असते, असे आम्हांस वाटते.

विलायतेहून परतताना सुभाषबाबू १६ जुलै १९२१ रोजी मुंबईस उतरले व त्याच दिवशी मणिभवनात गांधीजींना भेटले. त्यांनी चळवळीच्या क्रमाविषयी प्रश्न विचारले. त्यांपैकी एकाचेच उत्तर आपल्यास पटले, असे त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेविले आहे. चोवीस वर्षांचा तरुण, समोर सारा देश ज्यांच्या पाठीशी उभा होता असे महात्माजी. तरी जे पटले नाही त्यास त्याने होकार दिला नाही. त्यांच्या पुढच्या साऱ्या आयुष्याचे बीज या पहिल्या भेटीत दिसते.

महाराष्ट्राशीही त्यांचा ऋणानुबंध होता. १९२५ पासून ते मंडालेच्या तुरुंगात होते. त्याच तुरुंगात लोकमान्यांनी सहा वर्षे काढली होती. त्या जागेचे व तेथील लोकमान्यांच्या कष्टांचे वर्णन करणारे पत्र त्यांनी तेथूनच साहित्यसम्राट न. चिं. केळकर यांना लिहिले. सुटकेनंतर, मे १९२८ मध्ये, पुण्यास भरलेल्या महाराष्ट्र प्रांतिक परिषदेचे अध्यक्षस्थान त्यांनी भूषविले.

दोष व प्रमाद

थोर पुरुषांचे दोष सांगू नयेत, असा आपल्याकडे एक संकेत आहे. आम्हीही तो शाळेत पाळला. परंतु ज्याचे दोष सांगण्याची भीती वाटते, त्याच्या गुणांवर आपला पुरता विश्वास नसतो.

सुभाषबाबू उतावळे होते. १९३८ साली हरिपुरा काँग्रेसचे ते अध्यक्ष झाले व स्वतंत्र भारताच्या नियोजनासाठी त्यांनी जवाहरलालजींच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली; हे त्यांच्या दूरदृष्टीचे द्योतक होय. २९ जानेवारी १९३९ रोजी पट्टाभी सीतारामय्या यांच्या १३७७ मतांविरुद्ध १५८० मते मिळवून ते पुन्हा निवडून आले. परंतु ज्या सहकाऱ्यांवाचून काँग्रेस चालणार नव्हती, त्यांस सांभाळून घेणे त्यांस साधले नाही. आणि त्या सहकाऱ्यांनीही त्यांस उदारतेने वागविले नाही. मार्चमध्ये त्रिपुरीस ते तापाने फणफणत स्ट्रेचरवरून आले. एप्रिलअखेर त्यांनी राजीनामा दिला. सारा दोष एका बाजूस लावणारे लेख दोन्ही बाजूंनी लिहिले गेले आहेत. आम्हांस ते दोन्ही एकांगी वाटतात.

याहून गंभीर प्रमाद म्हणजे जर्मनी व जपान यांच्यावर त्यांनी टाकलेला भरवसा. १६ जानेवारी १९४१ च्या रात्री एल्गिन रोडवरील घरातून वेषांतर करून ते निसटले, पुतण्या शिशिर यांनी मोटारीने त्यांस गोमोहपर्यंत पोहोचविले, आणि पेशावर-काबूलमार्गे एप्रिलच्या आरंभी ते बर्लिनला पोहोचले. ही कथा कोणत्याही कादंबरीस लाजविणारी आहे. परंतु ज्या राज्याचा त्यांनी आश्रय घेतला, त्या राज्याने ज्यूंची चालविलेली ससेहोलपट डोळ्यांसमोर असता त्यांनी जाहीर निषेधाचा शब्द काढला नाही. १९३५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी साम्यवाद व फॅसिझम यांच्या समन्वयाची भाषा केली होती, हेही लपवून चालणार नाही. १९४३ च्या डिसेंबरअखेर ते अंदमानात पोर्ट ब्लेअरला गेले, तिरंगा फडकविला, सेल्युलर जेलही पाहिला. त्याच जेलमध्ये त्या वेळी डॉ. दिवाणसिंग हे तेथील हिंदी लोकांचे पुढारी जपान्यांच्या छळाखाली खितपत पडले होते. जपान्यांनी ही गोष्ट नेताजींपर्यंत पोहोचू दिली नाही. पुढच्याच महिन्यात डॉ. दिवाणसिंग वारले. परक्याच्या तलवारीवर विसंबणाऱ्यास किती थोडे दिसते, याचा हा दाखला होय.

मात्र पारड्यात दुसरी बाजूही घातली पाहिजे. हे सारे त्यांनी स्वतःसाठी केले नाही. नोव्हेंबर १९४२ मध्ये व्हिएन्नात त्यांची कन्या अनिता जन्मली. ती अडीच महिन्यांचीही झाली नव्हती, तोच ८ फेब्रुवारी १९४३ रोजी कील बंदरातून आबिद हसन यांच्यासह ते पाणबुडीत बसले. निघताना बंधू शरदबाबूंच्या नावे बंगालीत पत्र लिहून त्यांनी विवाहाची व कन्येची वार्ता प्रथमच कळविली, आणि जे प्रेम मजवर केलेत तेच माझ्या पत्नीवर व मुलीवर करा, अशा आशयाची विनंती केली. ते परत आले नाहीत. शरदबाबू १९४८ साली व्हिएन्नास जाऊन त्या मायलेकींना भेटले.

एप्रिल १९४५ मध्ये रंगून सोडण्याची वेळ आली, तेव्हा झाशीची राणी पलटणीतील मुलींची सोय झाल्यावाचून आपण हलणार नाही, असे त्यांनी जपान्यांना बजाविले. वरून विमानांचा मारा, पावसाने चिखल झालेले रस्ते, अशा स्थितीत रात्रीमागून रात्री ते त्या मुलींबरोबर पायी चालले; पायांना फोड आले तरी मोटारीत बसले नाहीत. आम्हांस नेताजींच्या साऱ्या भाषणांहून हा प्रवास अधिक बोलका वाटतो. पुढील विवेचनात तो लक्षात ठेवावा, अशी वाचकांस विनंती आहे.

शेवटचे तीन दिवस

जपानने शस्त्रे खाली ठेविली तेव्हा नेताजी सिंगापुरात होते. १६ ऑगस्ट १९४५ रोजी ते बँकॉकला आले. सेनेचे चीफ ऑफ स्टाफ, सावंतवाडीकडचे जगन्नाथराव भोसले, तेथे मागे राहिले. दुसऱ्या दिवशी नेताजी सायगावला पोहोचले. मांचुरियाकडे निघालेल्या जपानी बाँबर विमानात जागा मोजक्या होत्या; पुष्कळ रदबदली होऊन त्यांच्याखेरीज एकाच सहकाऱ्यास जागा मिळाली. कर्नल हबीबुर रहमान यांस बरोबर घेऊन, अय्यर, आबिद हसन आदी मंडळींना मागे ठेवून, ते संध्याकाळी निघाले. रात्र तुरान येथे काढून १८ तारखेस दुपारी विमान फोर्मोसा बेटावरील तैहोकू, म्हणजे आजचे तैपेई, येथे उतरले. पेट्रोल भरून पुन्हा उडताच डावीकडचे इंजिन निखळले व विमान कोसळून पेटले. जपानी सेनानी जनरल शिदेई जागीच ठार झाले. नेताजींच्या अंगावर पेट्रोल सांडले होते. आगीतून बाहेर पडताना त्यांच्या कपड्यांनी पेट घेतला. त्यांना लष्करी इस्पितळात नेले. डॉ. योशिमी यांनी उपचार केले. त्याच रात्री त्यांचा अंत झाला. तैहोकूसच दहन होऊन अस्थी सप्टेंबरात टोकियोच्या रेन्कोजी मंदिरात ठेवण्यात आल्या.

ही हकीकत हबीबुर रहमान, विमानातून वाचलेले जपानी अधिकारी व डॉक्टर यांनी सांगितली. १९५६ साली शहानवाज खान समितीने ती ग्राह्य मानली. समितीचे एक सभासद, नेताजींचे बंधू सुरेशचंद्र, यांनी मात्र भिन्नमत नोंदविले. त्याच वर्षी जपान सरकारचा तपासही पुरा झाला होता. तो २०१६ मध्ये प्रकाशात आला व त्याचाही निष्कर्ष तोच निघाला. १९७० साली नेमलेल्या खोसला आयोगाने १९७४ मध्ये तोच निर्णय दिला.

विरुद्ध पक्षाचे म्हणणेही न्यायाने मांडले पाहिजे. साक्षीदारांच्या जबान्यांत वेळा व तारखा यांचा मेळ नीट बसत नाही. मृतदेहाचे छायाचित्र निघाले असेल, तर त्यात चेहरा ओळखता येत नाही. दहनाची जी नोंद सापडते ती इचिरो ओकुरा या जपानी सैनिकाच्या नावची आहे. या व अशा कारणांस्तव १९९९ साली नेमलेल्या मुखर्जी आयोगाने असा निर्णय दिला की नेताजी हयात नाहीत हे खरे, परंतु त्यांचा मृत्यू त्या अपघातात झाला नाही. सरकारने २००६ मध्ये तो अहवाल नाकारला. मात्र ते अन्यत्र कोठे व कसे वारले, हे त्या आयोगासही सांगता आले नाही. आयोग रशियातही जाऊन आला. हाती काही लागले नाही. फैजाबादचे साधू म्हणजेच नेताजी, हे तर मुखर्जी आयोगानेही मानले नाही, आणि पुढे त्याच प्रश्नासाठी नेमलेल्या सहाय आयोगानेही मानले नाही. २०१५ व २०१६ साली बंगाल सरकारने व केंद्र सरकारने गुप्त दप्तरे खुली केली. अपघाताची हकीकत खोडून काढील असा एकही कागद त्यांतून निघाला नाही.

पराभूत सैन्याची धांदल, शत्रू उंबरठ्यावर, गुप्ततेची सवय. अशा घटकेस घडलेल्या प्रसंगाच्या जबान्यांत फरक पडणे अस्वाभाविक नाही. आमच्या शाळेच्या अंगणात एखादा मुलगा झाडावरून पडला, तर पाहणाऱ्या दहा मुलांच्या दहा तऱ्हा होत. तथापि मुलगा पडला, याविषयी कोणाचे दुमत नसे. जबान्यांचा तपशील भिन्न असून गाभा एक आहे. आमचे मत अपघाताच्या बाजूने झाले ते यामुळे.

लोकांनी मानले का नाही ?

मग इतकी वर्षे लोकांनी हे का मानले नाही ? त्याची दोन कारणे इतिहासातच आहेत. एक म्हणजे मार्च १९४२ मध्ये नेताजी विमान अपघातात वारल्याची बातमी जगभर गेली होती. गांधीजींनी त्यांच्या मातोश्रींना दुखवट्याची तार केली. आणि थोड्याच दिवसांत खुद्द नेताजींचा आवाज रेडिओवर ऐकू आला! एकदा खोटी ठरलेली बातमी दुसऱ्यांदा कोण मानील ? दुसरे म्हणजे १९४१ साली ते खरोखरच वेषांतर करून नाहीसे झाले होते. जो एकदा पठाण होऊन निसटला, तो दुसऱ्यांदा साधू होऊन का निसटणार नाही, असे भाबड्या मनास वाटले. खुद्द गांधीजींनाही ते हयात असल्याचे काही काळ वाटत होते; परंतु हबीबुर रहमान यांची भेट झाल्यावर, मार्च १९४६ मध्ये, त्यांनी आपले मत बदलले व तसे जाहीर लिहिले.

आपणां मराठी लोकांस हा अनुभव नवा नाही. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. पार्वतीबाईंनी ते कधी मानले नाही. कुंकू पुसले नाही. त्या माउलीच्या दुःखापुढे आपण हात जोडावे. परंतु पुढे त्याच विश्वासावर भाऊंचा तोतया उभा राहिला, कोकणातील किल्ले त्याच्या हाती गेले, भल्याभल्यांची मने द्विधा झाली, आणि १७७६ साली त्यास देहान्त शासन होईपर्यंत पुणे दरबारास स्वस्थता लाभली नाही. केळकरांनी त्यावर 'तोतयाचे बंड' हे नाटक लिहिले. तात्पर्य, प्रिय पुरुषाचा मृत्यू नाकारण्यात जे प्रेम असते ते खरे असते. पण त्या प्रेमाचा मोबदला पुष्कळदा तोतयाच्या पदरी पडतो.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळू. नोव्हेंबर १९४५ मध्ये लाल किल्ल्यात शहानवाज, सहगल व धिल्लन यांच्यावर खटला उभा राहिला. १९४७ साली फाळणीत त्यांचा बंगाल रक्ताने न्हाला. १९५० मध्ये शरदबाबू वारले. १९६२ साली चीनने आक्रमण केले. रंगूनच्या वाटेवर पलटणीतील मुलींना सोडून जो मोटारीत बसला नाही, तो आपले सेनानी आरोपीच्या पिंजऱ्यात उभे असता पडद्यामागे बसून राहिला असता काय ? व्हिएन्नात मुलगी वाढत होती. तिला एक ओळही लिहिली नसती काय? स्वभावावरून मृत्यूचा पुरावा होत नाही, हे आम्ही जाणतो, पुरावा साक्षीदारांचाच. परंतु नेताजी जिवंत होते असे म्हणताना आपण त्यांना मरणातून सोडवीत नाही. भित्रेपणाचा व निष्ठुरपणाचा आरोप त्यांच्यावर नकळत ठेवतो. हे आमच्या ध्यानी यावयास एक मुलगा व तीस वर्षे लागली.

या संभ्रमाची झळ त्यांच्या सन्मानासही लागली. १९९२ साली त्यांना भारतरत्न जाहीर झाले. त्यातील 'मरणोत्तर' या शब्दावरून वाद न्यायालयात गेला आणि १९९७ मध्ये ती घोषणा रद्द झाली. रेन्कोजीतील अस्थी मायदेशी आणाव्यात, अशी विनंती त्यांच्या कन्येने वारंवार केली आहे. वडिलांची मूठभर राख मागणाऱ्या मुलीस आपण आख्यायिका सांगत बसावे, हे आपणांस शोभत नाही.

सारांश, नेताजी हे चुकणारे, उतावळे, परंतु अंतर्बाह्य निर्भय असे पुरुष होते. वयाच्या ४८ व्या वर्षी, हरलेल्या युद्धानंतरही नवी वाट शोधीत असता त्यांना मरण आले. या मरणात गूढ थोडे आहे. करुण पुष्कळ आहे. त्यांच्या सैनिकांवरील खटल्याने देश पेटला, फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईत नाविकांनी बंड केले, आणि हिंदी फौजेच्या बळावर राज्य करणे यापुढे शक्य नाही हे इंग्रजांस कळून चुकले. ते पाहावयास नेताजी उरले नव्हते.

आमच्या तरुण ज्ञातिबांधवांस, विशेषतः जे शिक्षक आहेत त्यांस, एवढीच विनंती की मुलांस नेताजी शिकविताना रंगूनची वाट शिकवावी, अंदमानचा प्रमादही शिकवावा, आणि वर्गात एखादा मुलगा अडचणीचा प्रश्न घेऊन उठला, तर त्याला खाली बसवू नये.

तीर्थरूपांच्या पश्चात ती तसबीर आमच्याकडे आहे. गेल्या १८ ऑगस्टला सकाळी स्नान करून आम्ही तिला प्रथमच हार घातला. हात थोडा थरथरला. वडिलांची क्षमा मागितली, आणि नेताजींचीही.

जय हिंद.